जब्बारभाईचं आयर्लंड

मी बत्तीस वर्षं इतिहास आणि भूगोल शिकवला. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या कारंज्यातले आजचे निम्मे वकील, कंडक्टर आणि मेडिकलवाले माझ्या हाताखालून गेले आहेत. म्हणजे जगाबद्दल त्यांचे जे काही गैरसमज आहेत, त्यांतलेही निम्मे माझेच. निरोपसमारंभात एका सहकाऱ्यानं मला "चालता-बोलता ज्ञानकोश" म्हटलं होतं. बाकीचे लोक जेवणाकडे डोळे लावून बसले होते, त्यामुळे ते वाक्य फक्त मीच नीट ऐकलं, आणि दुर्दैवानं खरं मानलं.

आमच्या मागच्या गल्लीत जब्बारभाई राहतो. भाजीबाजारात त्याचं कांदा-आलूचं दुकान आहे. शिक्षण चौथी. उंची बेताची, डोक्यावर जाळीची टोपी, आणि उजव्या हाताचा अंगठा थोडा चपटा, कारण वीस-पंचवीस वर्षं तो अंगठ्यानं आलू दाबून पाहतो आहे. गिऱ्हाइकाला तो कधी "घ्या" म्हणत नाही. पिशवीत काय जायचं ते तोच ठरवतो. एकदा मी एक मोठा, गुळगुळीत आलू उचलला तर म्हणाला, "थो ठेवा सर. आतून काळा हाये." मी हट्टानं नेला. आतून काळा निघाला. तेव्हापासून मी त्याच्या दुकानात हात मागे बांधून उभा राहतो.

त्याची मुलगी जिकरा माझी विद्यार्थिनी. दहावी झाल्यावर नातेवाइकांनी तिच्या लग्नाचा धोशा लावला. जब्बारभाईनं तिला नागपूरला नर्सिंगला घातलं. एक जण दुकानावर येऊन म्हणाला, "पोरीची जात, सुया टोचाले शिकवतं काय?" हा म्हणाला, "थे सुईनं टोचते. तुमी जुबाननं टोचून राह्यले. तिच्या टोचण्यानं माणूस बरा तरी होते." पुढं ती मुंबईच्या एका दवाखान्यात लागली, इंग्रजीची परीक्षा पास झाली, आणि २०२२ साली तिला आयर्लंडहून बोलावणं आलं. पश्चिमेकडच्या मेयो नावाच्या भागात, एका लहान गावातल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात.

त्या दिवशी जब्बारभाई पहिल्यांदा माझ्या घराची पायरी चढला.

"सर, आयर्लंड कुठी येते?"

असा प्रश्न निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत मला कोणी विचारला नव्हता. मी भिंतीवरचा नकाशा खाली घेतला, चष्मा पुसला, घसा साफ केला आणि म्हणालो, "हे इंग्लंड. आणि हे त्याच्या बाजूलाच. तेच समजा. राणी एक, भाषा एक. आपलं वाशीम आणि अकोला."

"म्हंजे इंग्लंडच."

"इंग्लंडच."

त्यानं बाजारभर सांगितलं, पोरगी इंग्लंडला चालली. मी आणखी एक सल्ला दिला. इतक्या उत्तरेला म्हणजे बर्फच बर्फ. तेव्हा सुगराबीनं, म्हणजे जिकराच्या आईनं, आठ दिवस खपून अशी जाड रजई भरली की ती बॅगेत बसवायला दोन माणसं बॅगेवर बसली. निघायच्या दिवशी सारी गल्ली त्यांच्या घरी जमली. मीही गेलो आणि जिकराला ब्रिटिश संसदेबद्दल दहा मिनिटं माहिती दिली. पोरगी गुणी, तिनं ऐकून घेतली.

तिथं पोचून आठवडा झाला असेल. जब्बारभाई पुन्हा आला. या वेळी पायरीवरच उभा राहिला.

"सर, थे वेगळं हाये म्हणते."

"काय वेगळं?"

"आयर्लंड. इंग्लंडापासून. राजाचं राज नाही तिथं. शंभर वर्सं झाले आझाद होऊन. वरचा एक तुकडा तेवढा अजून त्यायच्याकडे हाये म्हणते."

झालं होतं असं. शुश्रूषागृहात नव्वदीची ब्रायडी नावाची एक म्हातारी होती. तिला भरवता भरवता जिकरा गमतीनं म्हणाली, माझ्या वडिलांना वाटतं मी इंग्लंडला आहे. ब्रायडीनं चमचा खाली ठेवला. तिनं आवाज चढवला नाही की चिडली नाही. पण पुढचा अर्धा तास, सूप गार होईपर्यंत, तिनं जिकराला सात-आठशे वर्षांचा इतिहास सांगितला. तिचे वडील तरुणपणी स्वातंत्र्याच्या शेवटच्या लढ्यात होते.

"सर," जब्बारभाई अगदी हळू म्हणाला, "वाशीम बी वेगळा जिल्हा झाला ना आता. तुमाले कोनी अकोला जिल्ह्याचे म्हटलं तर तुमी स्वतः भांडता."

मी भांडतो. वेगळा जिल्हा होऊन पंचवीस वर्षं होत आली, तरी पत्त्यावर कोणी अकोला जिल्हा लिहिलं तर मी पाकीट परत करतो. तो गेल्यावर मी जुनं पाठ्यपुस्तक काढलं. त्यात आयर्लंडवर एकच वाक्य होतं, की आपल्या नेत्यांना तिथल्या स्वातंत्र्यलढ्यापासून प्रेरणा मिळाली. ते वाक्य मी बत्तीस वर्षं शिकवलं, अधोरेखित करायला लावलं, त्यावर गाळलेल्या जागा काढल्या. ज्या देशाच्या स्वातंत्र्यलढ्यापासून आपण प्रेरणा घेतली, तो देश मी एका शब्दात पुन्हा पारतंत्र्यात ढकलला होता.

रजईचंही कळलं. तिकडे बर्फ क्वचितच. तिकडे पाऊस. जिकरानं सांगितलं, पाऊस पडतो असंही म्हणता येत नाही, हवाच ओली असते. सुगराबीची रजई वाळता वाळत नव्हती.

जिकराचा फोन दुपारी दीडच्या सुमाराला यायचा. तिकडे सकाळ, तिची न्याहारी. इकडे बाजार ओसरलेला, जब्बारभाई कट्ट्यावर टेकलेला. मी दुपारी सव्वाला भाजी घ्यायला जाऊ लागलो. आमच्या हौसाबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, आठवडाभर पाहिलं आणि विचारलं, "रोज रोज कांदे कायले आनून राह्यले? घरात मानसं दोन." मी म्हणालो, कांदा प्रकृतीला चांगला. खरं म्हणजे मी सकाळी मोबाइलवर आयर्लंडबद्दल वाचायचो आणि दुपारी फोन आला की शेजारून एखादा विद्वान प्रश्न विचारायचो. उत्तर मला आधीच माहीत असायचं. मास्तरकीची ही खोड पेन्शनमध्येही जात नाही.

पण जब्बारभाईचे प्रश्न वेगळे असत. मी विचारी, "तिथलं दरडोई उत्पन्न किती?" तो विचारी, "म्हातारीले भेटाले कोन येते?" आणि त्याच्या प्रश्नातून जे निघायचं, ते माझ्या मोबाइलवर नसायचं.

एक दिवस जिकरानं सांगितलं, ब्रायडीच्या माहेराकडे एक बंगला आहे. तिथं दीडशे वर्षांपूर्वी एक इंग्रज कॅप्टन राहायचा. जमीनदाराचा कारभारी. खंड कमी करा म्हणून कुळांनी विनवण्या केल्या, तर त्यानं त्यांना घराबाहेर काढायच्या नोटिसा आणल्या. मग गावानं ठरवलं, याच्याशी बोलायचं नाही. शेतात मजूर जाईना, घरात मोलकरीण येईना, दुकानदार माल देईना, पत्रं पोचेनात.

"काय नाव त्याचं?" जब्बारभाईनं विचारलं.

"बॉयकॉट. कॅप्टन बॉयकॉट."

माझ्या हातातला कांदा खाली पडला. बत्तीस वर्षं मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत आलो, स्वदेशी, बहिष्कार, आणि शेजारी बॉयकॉट. हे एका माणसाचं आडनाव आहे याचा मला पत्ता नव्हता. एका चौकस पोरानं एकदा त्या शब्दाची फोड विचारली होती. मी क्षणही न घालवता सांगितलं होतं, "बॉय म्हणजे मुलगा, कॉट म्हणजे खाट. मुलाला खाटेवर एकटं टाकणं, म्हणजे बहिष्कार." तो मुलगा आज एका कॉलेजात प्राध्यापक आहे. त्यानं हे पुढं कुणाला सांगितलं नसावं, अशी आशा आहे.

जब्बारभाईचं लक्ष दुसरीकडेच होतं. "मंग त्याचं पीक कोनं काढलं?"

"बाहेरून पन्नास मजूर आणले, अब्बा. आणि त्यांच्या राखणीला हजारेक शिपाई."

तो इतका हसला की शेजारचा मिरचीवाला उठून पाहायला आला. "हजार शिपाई? अरे मंग शिपायायलेच लावाचं ना काढाले! एका दिवसात वावर साफ!"

भाद्रपदात उकाडा आणि ओल एकत्र येते तेव्हा आलूवाल्याचे दिवस वाईट. एक आलू कुजला की सगळं पोतं जातं. अशाच एका दुपारी तो जमिनीवर पोतं पसरून निवडत बसला होता. वास असा की मी नाकाला रुमाल लावून चार हात दूर उभा. फोन कट्ट्यावर, स्पीकर चालू.

जिकरा म्हणाली, ब्रायडीला चाकाच्या खुर्चीतून समुद्राकडे फिरवून आणलं. तिथं डोंगराच्या पायथ्याशी एक जहाज उभं केलं आहे, काशाचं. जहाजावर दोरखंडांच्या जागी माणसांचे सांगाडे आहेत.

"सांगाडे काहून?"

"दुष्काळाची आठवण आहे, अब्बा. आलूचा दुष्काळ."

मी पुढं सरसावलो. आकडे पाठ होते. "अठराशे पंचेचाळीस. लोकसंख्या पंच्याऐंशी लाखांच्या आसपास. चार-पाच वर्षांत दहा लाख मेले, दहा लाखांवर देश सोडून गेले. आज पावणेदोनशे वर्षं झाली तरी त्या बेटावर तेवढी माणसं पुन्हा झाली नाहीत." एवढं म्हणून मी वर्गाकडे पाहावं तसं मिरचीवाल्याकडे पाहिलं.

जब्बारभाईच्या हातात एक कुजका आलू होता. बोटं त्यात अर्धी गेली होती. त्यानं तो टाकला नाही.

"आलू कुजला म्हून?"

"करपा," मी म्हणालो. "पानांवर काळे डाग, मग..."

"करपा मले मालूम हाये, सर. तीन दिवसांत वावर जाते. पान काळं, मंग खाली आलू काळा, आन वास हाच." त्यानं हातातल्या आलूकडे पाहिलं. "पन दुसरं काही पिकत नोयतं काय तिथं?"

हे मला कधी सुचलं नव्हतं. मी आकडे पाठ केले होते, हा प्रश्न नव्हता केला. उत्तर जिकरानं दिलं.

"पिकत होतं, अब्बा. गहू होता, जव होता. लोणी होतं, गुरं होती. पण ते सगळं जमीनदाराचं. जहाजं भरभरून बाहेर जात होतं, शिपायांच्या पहाऱ्यात. गरिबाच्या वाट्याला जमिनीचा तुकडा इतका लहान की त्यात आलूच लावला तरच घर जगे."

मग जब्बारभाईनं तो आलू टोपलीत टाकला, हात पुसला आणि म्हणाला, "मंग आलूनं नाही मारलं त्यायले."

मी घरी आलो आणि मोबाइलवर या विषयावर काय काय लिहिलं आहे ते शोधत बसलो. मोठमोठ्या विद्वानांचे वाद होते. शेकडो पानं. त्यांतली बरीचशी जब्बारभाईच्या त्या एका वाक्याभोवतीच फिरत होती.

यानंतर जे झालं ते सांगायला मला फारसं आवडत नाही. म्हणूनच सांगतो.

एका दुपारी फोन लवकर आला. मी नुकताच पोचलो होतो आणि बाजूच्या पोत्यावर टेकलो होतो. मी तिथं आहे हे जिकराला माहीत नव्हतं. ती घाईघाईनं, हसत बोलत होती.

"अब्बा, ऐका ना. यायची स्वतःची जुनी भाषा हाये, आयरिश. रस्त्यावरच्या पाट्यायवर दोन्ही भाषा लिवते. पन बोलणारे थोडेच राह्यले. ब्रायडी म्हणे, तिची आजी शाळेत जाये तवा पोरायच्या गळ्यात एक काडी बांधत. तोंडातून घरच्या भाषेतला शब्द निंघाला का काडीवर एक खाच. सांजच्याले खाचा मोजाच्या आन तेवढ्या छड्या. म्या तिले सांगतलं, आमच्या शाळेत बी एक सर होते. मले, तुले म्हटलं का फळ्यावर नाव लिवत आन नावासमोर काडी मारत. सगळ्यात जास्ती काड्या माझ्याच!"

जब्बारभाईचा हात फोनकडे गेला, पण बोटं मातीची होती आणि पडदा काही ऐकेना.

"ब्रायडी विचारे, त्या मास्तराची भाषा कोनती होती? म्या म्हटलं, घरी थे बी मलेच म्हणत!"

हेही खरं होतं. शाळेच्या फाटकाच्या आत मी "मला" म्हणायचो आणि फाटकाबाहेर पडलो की "मले". प्रमाण भाषा शिकवणं माझं काम होतं, असं मी आजही म्हणू शकतो. पण ती शिकवायला काड्या लागत नव्हत्या. काड्या मला आवडत होत्या.

"बेटा," जब्बारभाई म्हणाला, "सर इथंच बसून राह्यले."

पलीकडून बारीक आवाजात, "सलाम, सर."

मी उठून फोनजवळ गेलो. बत्तीस वर्षांत मी कुठल्याही विद्यार्थ्याची माफी मागितली नव्हती, त्यामुळे सराव नव्हता. वाक्य मनात जुळवलं, सुरुवात केली आणि तोंडातून निघालं, "जिकरा, मले माफ कर व माय."

ती खदखदून हसली. "सर, एक काडी!"

जब्बारभाई हसला नाही. त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला, आणि मी पिऊन होईपर्यंत आलू निवडत खाली पाहत राहिला. असा भलेपणा मला वर्गात कधी जमला नाही.

आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष रतनसिंग यांच्या कानावर माझा आयर्लंडचा नाद गेला होता. त्यांनी रविवारी सकाळी व्याख्यान ठेवलं. विषय, आयर्लंड: इतिहास, समाज आणि संस्कृती. वक्ते, उत्तमराव सर, म्हणजे मीच. मी महिनाभर तयारी केली. बेचाळीस पानं झाली. हौसाबाई म्हणाली, "लोकायले घरी जेवाले जा लागते, येवढं ध्यानात ठेवा." मी दुर्लक्ष केलं.

साठ-सत्तर माणसं आली. जब्बारभाई शेवटच्या रांगेत, सुगराबी बायकांच्या बाजूला. मी हिमयुगाच्या शेवटापासून सुरुवात केली. बर्फ वितळलं. माणूस आला. दगडी थडगी झाली. पंचविसाव्या मिनिटाला लोखंड आलं. चाळिसाव्या मिनिटाला धर्मप्रसारक आले, तेव्हा पुढच्या रांगेतले दोन जण गेले. पन्नासाव्या मिनिटाला मी समुद्री लुटारूंना डब्लिन शहर वसवू दिलं आणि पाणी प्यायलो. साल साधारण आठशे एक्केचाळीस. रतनसिंगांची चिठ्ठी आली. त्यावर लिहिलं होतं, "स्वातंत्र्याला किती वेळ आहे?"

तेवढ्यात मागून एका मुलीनं विचारलं, "सर, पण तिथले लोक कसे आहेत?"

"समाज हा भाग पान एकतीसवर आहे," मी म्हणालो आणि पानं उलटू लागलो. पंख्याच्या वाऱ्यानं पानं उडाली. मी टेबलाखाली वाकून इतिहास, समाज आणि संस्कृती गोळा करत असताना हौसाबाईचा आवाज आला, "जब्बारभाई, तुमीच सांगा बाप्पा. तुमचं रोज बोलनं होते."

तो नाही नाही म्हणत होता. लोकांनी उठवला. माइक घेतला नाही. टोपी सारखी केली आणि उभ्या उभ्या बोलू लागला.

"मी गेलो नाही तिथं. पोरगी सांगते थे सांगतो. लोक आपल्यासारखेच हाये. चहा लय पेते, दूध टाकून. कोनाच्या घरी गेलं आन चहा विचारला तर पह्यले नाही म्हना लागते. दुसऱ्यांदा बी नाही. तिसऱ्यांदा घ्याचा. माझी पोरगी पह्यल्यांदाच हो म्हणाली, तर थे बाई हसे. पाय मोडला तरी कसं हाये विचारलं का मस्त हाये म्हणते. बोलनं सुरू झालं का पह्यले पानी-पावसाचं. फोन ठेवताना दहा वेळा बाय बाय म्हणते, तरी ठेवत नाही. गावागावात काठी-चेंडूचा एक खेळ हाये. लाखभर लोक पाहाले येते, पन खेळणाऱ्याले एक रुपया भेटत नाही. कोनी मास्तर, कोनी शेतकरी. सोमवारी कामावर हजर. थे गावासाठी खेळते."

बाहेर गेलेले दोघं परत येऊन दाराशी उभे राहिले. त्यानं दुष्काळ सांगितला, करप्याचा वास सांगितला, जहाजं सांगितली. मी टेबलाखालून वर आलो होतो, पण उभं राहायचं विसरून गुडघ्यावरच ऐकत होतो.

"मंग लोक देश सोडून गेले," तो म्हणाला. "अमेरिकेले. पोरगी जाची, त्याच्या आदल्या दिवशी घरी सारा गाव जमे. मयतीले जमते तसा. गानं होये, नाच होये, रडनं होये. जिंद्या मानसाची मयत. कारन का थे पोरगी पुन्हा दिसनार नाही, हे मायबापाले मालूम राहे. त्या म्हातारीच्या मावशीची अशी मयत केली होती. मावशी साठ वर्सं जगली तिकडे. आली नाही."

त्यानं सुगराबीकडे पाहिलं. ही गोष्ट त्यानं घरी सांगितली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तिनं ओढणी तोंडाशी धरली होती.

"आता तसं नाही," तो घाईनं म्हणाला. "आता फोन हाये, विमान हाये. दोन वर्सांत सुट्टी भेटते." मग टोपी पुन्हा सारखी करून, "पन आमच्या घरी बी जमलेच होते ना लोक त्या दिवशी. रडले बी होते." आणि तो खाली बसला.

टाळ्या वाजल्या नाहीत. मग एक म्हातारी उठून सुगराबीच्या शेजारी जाऊन बसली, आणि दुसरी, आणि तिसरी. कुणाचा मुलगा पुण्याला होता, कुणाचा दुबईला, कुणाची लेक नुसती जिल्ह्यातल्याच अनसिंगला दिलेली, पण तीही रडत होती.

पुढच्या आठवड्यात गावच्या साप्ताहिकात बातमी आली. "आयर्लंडवर जब्बारभाई यांचे हृदयस्पर्शी व्याख्यान." खाली बारीक अक्षरांत होतं, "प्रास्ताविक उत्तमराव सर यांनी केले." पन्नास मिनिटांचं प्रास्ताविक विदर्भात दुसऱ्या कुणी केलं असेल असं वाटत नाही. मी ते कात्रण जपून ठेवलं आहे.

त्या व्याख्यानानंतर सुगराबी चार दिवस फोनवर आली नाही. पाचव्या दिवशी दुकानावर स्वतः आली, जब्बारभाईच्या हातातून फोन घेतला आणि मुलीला एवढंच विचारलं, "सुट्टीची तारीख सांग." जिकरा त्या डिसेंबरात येऊन तीन आठवडे राहून गेली. येताना तिनं ब्रायडीनं विणलेला एक मोजा आईसाठी आणला. एकच. दुसरा म्हातारीकडून पुरा झाला नव्हता. सुगराबी तो उजव्या पायात घालून घरभर हिंडली.

ब्रायडी गेली ती पुढच्या जानेवारीत. फोन आला तेव्हा मी बाजारात नव्हतो. संध्याकाळी गेलो तर दुकानावर पोतं टाकलेलं. मिरचीवाला म्हणाला, "मयत झाली त्यायच्या घरी." धावतपळत मागच्या गल्लीत गेलो. अंगणात चटया टाकलेल्या, पाच-सात बायका बसलेल्या, जब्बारभाई भिंतीला टेकून.

"कोन?" मी विचारलं.

"म्हातारी," तो म्हणाला. "आमच्या पोरीची आजी."

सुगराबीच्या हातातल्या फोनवर जिकरा दिसत होती. काळे कपडे, डोळे सुजलेले. ब्रायडीला शेवटी तिच्या स्वतःच्या घरी आणलं होतं. दार दोन दिवस उघडं. लोकांची रांग रस्त्यापर्यंत. प्रत्येक जण आत येतो, घरच्यांचा हात हातात घेतो, तुमच्या दुःखाचं वाईट वाटलं म्हणतो, मृतापाशी क्षणभर उभा राहतो, मग चहा घेऊन बसतो आणि म्हातारीच्या गोष्टी सांगतो. हसतातही. जिकरा सकाळपासून स्वयंपाकघरात चहा करत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"चहात दूध जास्ती टाकजो," सुगराबी म्हणाली. "लोक दुरून आले असतीन. आन तिच्या पोराले काही खाऊ घातलं काय? त्याले कोनी विचारत नसन. घरच्याले कोनी विचारत नाही."

"घातलं, अम्मी."

"रडजो मंग थोडी. कामात राहू नको नुसती."

फोन ठेवताना जिकरा चार-पाच वेळा बाय म्हणाली. जब्बारभाईनं दोन्ही हात वर केले, ओठ हलवले, हात तोंडावरून फिरवले. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "दुवा मांगली, सर. तिची जुबान वेगळी, माझी वेगळी. पोचन ना?"

असा प्रश्न आला की मला गप्प बसवत नाही. मी चटईवर बसलो, सुगराबीनं पुढं केलेला कप दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घेतला, आणि मयताच्या घरी जागण्याची ही प्रथा तिकडे ख्रिस्ती धर्म येण्याच्याही आधीची असावी की नसावी, याबद्दल विद्वानांमध्ये जे दोन तट आहेत ते समजावून सांगू लागलो. पहिला तट सांगून झाला. दुसऱ्याकडे वळलो.

"सर," सुगराबी म्हणाली, "चहा थंडा होऊन राह्यला."

मी प्यायलो.